चांदीची रेघ चमकते पण करंट जात नाही, इंक बदलू का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. डोंबिवलीच्या एका मित्राने विचारलंय की पाण्यातली नॅनो सिल्व्हर इंक मागवली, पिझो हेडच्या (इंक न तापवता थेंब उडवणाऱ्या) डेस्कटॉप प्रिंटरमध्ये भरून पीईटी म्हणजे पॉलिस्टरच्या प्लास्टिक फिल्मवर एनएफसीची कॉइल (फोन टेकवून वाचायच्या टॅगचा अँटेना) छापली, एकूण लांबी साधारण ८० सेंटीमीटर आणि रेघ ०.८ मिलिमीटर रुंद, मग घरच्या ओटीजीमध्ये (छोट्या ओव्हनमध्ये) १२० डिग्रीला २० मिनिटं ठेवली. दिसते एकदम चकचकीत, पण मल्टिमीटर काही तुकड्यांवर मेगाओहम दाखवतो आणि काहींवर ९०-१०० ओहम. जून लागल्यापासून रेघा फुगायला लागल्यात. पुढे याच इंकने काचेवर पारदर्शक हीटर करायचाय. तर इंक खराब आलीय का, दुसरी महागडी घेऊ का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं मेम्ब्रेन कीपॅडच्या (फिल्मवर छापलेल्या चपट्या बटणांच्या) स्क्रीन प्रिंटिंगमध्ये काढली, नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात, आणि नंतर नॅनो इंककडे वळलो, आणि तुमचे आकडे वाचून मला जे वाटलं ते सांगतो. तुमचा मेगाओहमवाला तुकडा आणि तुमचा १०० ओहमवाला तुकडा हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात इंक नीट बेक झालेली नाही. दुसऱ्यात इंकने तिचं काम चोख केलंय, कॉइलचं डिझाइन चुकलंय. आणि तुम्ही दोन्हीला एकच औषध शोधताय.

आधी मेगाओहमचं बघू. मिठाईवाल्याकडे चांदीच्या वर्खाची वही पाहिली असेल तर आठवा, प्रत्येक दोन पानांच्या मध्ये कागद असतो. तो कागद नसेल तर वर्ख वर्खाला चिकटतो आणि मग सुटा करता येत नाही. नॅनो इंकमध्ये अगदी हेच केलेलं असतं. चांदीचे २०, ३०, ५० नॅनोमीटरचे कण द्रवात सुटे राहावेत म्हणून प्रत्येक कणाभोवती सेंद्रिय पदार्थाचं आवरण असतं, पाण्यातल्या इंकमध्ये बहुतेक पीव्हीपी हे पॉलिमर किंवा पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडसारखं, तेलकट सॉल्व्हंटमधल्या इंकमध्ये ओलेइलअमाइनसारखं. म्हणजे बाटलीतली इंक मुद्दाम इन्सुलेटर करून ठेवलेली असते, नाहीतर ती आठवडाभरात गाळ होऊन तळाला बसली असती. छापल्यावर पाणी उडतं पण कागद मध्येच राहतो. तो काढायचं काम तुमचं.

आणि वजनात ते आवरण चार-पाच टक्केच असतं म्हणून फसायला होतं. चांदीची घनता १०.५ आहे हो, पाण्याची १. सुकलेल्या थरात ५ टक्के वजन सेंद्रिय असेल तर आकारमानात ते जवळजवळ एक तृतीयांश होतं, म्हणजे थराचा तेवढा भाग न वाहणारा. करंट जाणार कुठून?

चमकेचं काय, तर चमक हा पुरावा नाही. कण एकमेकांच्या पुरेसे जवळ बसले की थर आरशासारखा दिसायला लागतो, त्यासाठी ते जोडलेले असायची गरज नाही. मी रंग बघतो. सुकलेली पण न बेक झालेली इंक तपकिरी, काळपट किंवा जराशी तांबूस-सोनेरी झाक मारते, आणि सिंटरिंग (उष्णतेने कण एकमेकांना सांधणं) होत जाईल तशी ती झाक जाऊन पांढरट चांदीचा रंग येतो. तुमच्या दोन्ही प्रकारचे तुकडे ट्यूबलाइटखाली शेजारी धरा, मला जवळपास खात्री आहे की मेगाओहमवाला थोडा पिवळा दिसेल.

आता तो १२० डिग्रीचा मुद्दा. ठोस चांदी ९६१ डिग्रीला वितळते, पण एवढ्या बारीक कणात बरेच अणू पृष्ठभागावरच असतात आणि ते हलायला तयार असतात, म्हणून आवरण बाजूला झालं की दोन कण टेकतात तिथे सांधा तयार होतो आणि तो जाड होत जातो. कण वितळत नाही, सांधतो. हे कितीला सुरू होईल ते आवरणावर अवलंबून आहे, काही इंक १२० ला छान होतात, काहींना १८०-२०० लागतातच, त्यामुळे डेटाशीट बघितल्याशिवाय मी इथे बसून आकडा सांगणार नाही. पण ओटीजीचा काटा १२० दाखवतो म्हणजे फिल्म १२० ला होती असं अजिबात धरू नका. थर्मोस्टॅट वरखाली मारतो, एका कोपऱ्यात जास्त एका कोपऱ्यात कमी, आणि २० मिनिटांतली पहिली सात-आठ मिनिटं ट्रे तापण्यातच जातात. एकाच बॅचमधले काही तुकडे लागतात आणि काही लागत नाहीत याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) आणि त्याचं मीटर सहज मिळतं, कॅप्टन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपने) टोक फिल्मशेजारी चिकटवा आणि तिथलं तापमान लिहून ठेवा. इंक बदलण्याआधी हा खर्च करा.

त्याआधी एक चाचणी करा जी मी प्रत्येक नव्या बाटलीवर करतो. मायक्रोस्कोपची काचेची स्लाइड घ्या, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, त्यावर इंकचा पातळ थर द्या, ६० डिग्रीला दहा मिनिटं सुकवा आणि मग २०० डिग्रीला अर्धा तास. काच आहे, तिला काही होत नाही. ही स्लाइड चांगली वाहायला लागली तर इंक निर्दोष आहे आणि तुमची अडचण पीईटीच्या तापमानाची आहे. काचेवर २०० लासुद्धा वाहिली नाही तर मग इंकवर संशय घ्या, ती जुनी असेल किंवा कण गोळा झाले असतील. पाऊण-एक तासात उत्तर मिळतं. (फार वेळ आणि फार जास्त तापमानाला ठेवू नका, पातळ थर फुटून बेटं बेटं होतात आणि रेझिस्टन्स उलटा वाढतो.)

काचेवर वाहिली आणि पीईटीवर नाही, तर पुढे काय? पीईटी ७०-८० डिग्रीच्या वर मऊ व्हायला लागतं, साधी फिल्म १२०-१३० ला आकसते, हीट स्टॅबिलाइज्ड ग्रेड १५० पर्यंत बऱ्यापैकी तग धरते. तर एक रस्ता म्हणजे ती ग्रेड आणा आणि १२० लाच पण तासभर ठेवा, कारण वेळ वाढवून थोडं तापमान भरून काढता येतं, सगळं नाही. दुसरा रस्ता कॅप्टन म्हणजे पॉलिइमाइड फिल्म, तिला २५० डिग्री काहीच नाही, पण महाग आणि पिवळी. तिसरा रस्ता झेनॉन फ्लॅश, म्हणजे झेनॉन दिव्याचा प्रखर झोत, ज्यात मिलिसेकंदाच्या आत चांदी तापते आणि खालचं प्लास्टिक तापायच्या आत सगळं संपतं, सुंदर तंत्र आहे पण मशीन तुमच्या-माझ्या बजेटचं नाही.

आणि चौथा रस्ता केमिकल, जो तुम्ही व्हिडिओत बघितला असणार. छापलं आणि लगेच एलईडी लागला, ओव्हन नाही काही नाही. २०१३ मध्ये टोकियो युनिव्हर्सिटी, जॉर्जिया टेक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी साध्या डेस्कटॉप प्रिंटरवर हे करून दाखवलं आणि तेव्हापासून सगळ्यांना वाटतं कुठल्याही शीटवर असंच होतं. ते तसं होत नाही. तिथे शीटवर खास कोटिंग असतं, ते पाणी शोषतं आणि कणांवरचं आवरण सोडवायला मदत करतं. साध्या पीईटीवर ती सोय नाही. जेरुसलेमच्या मॅगदासी यांच्या ग्रुपने हेही दाखवलंय की पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडचं आवरण असलेल्या कणांना क्लोराइड मिळालं, अगदी साधं मीठ, तरी आवरण सुटतं आणि खोलीच्या तापमानाला कण सांधायला लागतात. तुमची इंक त्या जातीची असेल तर विरळ मिठाच्या पाण्याचा प्रयोग एका तुकड्यावर करून बघा. तेलकट आवरणाच्या इंकवर मात्र यावर भरवसा ठेवू नका. आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवा, मीठ मागे राहिलं तर काय होतं ते खाली सांगतो.

आता तुमचा १०० ओहमवाला तुकडा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण तो बघून तुम्ही चांगली इंक फेकून द्याल.

टोकापासून टोकापर्यंतचा ओहमचा आकडा इंकबद्दल काही सांगत नाही. स्क्वेअर मोजा, म्हणजे रेघेच्या रुंदीएवढे किती चौकोन तिच्या लांबीत बसतात. रेघेची लांबी भागिले रुंदी, तुमच्या कॉइलचे ८०० भागिले ०.८ म्हणजे १००० चौकोन. आता एका चौकोनाचा रेझिस्टन्स काढू. तुमच्यासारख्या इंकमध्ये वजनाने ३० टक्के चांदी धरली तर आकारमानाने ती फक्त ४ टक्केच असते, पुन्हा तीच घनतेची गोष्ट. म्हणजे प्रिंटरने १० मायक्रॉनचा ओला थर टाकला तरी सुकून हातात ०.४ मायक्रॉन चांदी येते, आतल्या पोकळ्या धरून ०.५ म्हणू. ठोस चांदीची रेझिस्टिव्हिटी १.५९ मायक्रोओहम-सेंटीमीटर, चांगली सिंटर झालेली इंक त्याच्या तिप्पट धरा, ४.८. भागाकार करा, साधारण ०.१ ओहम पर स्क्वेअर येतो. गुणिले १००० म्हणजे १०० ओहम. तुम्हाला ९० ते १०० आलेत. अहो, हा तुकडा पास आहे! गणिताने जेवढं द्यायला हवं तेवढंच इंकने दिलंय.

पण एनएफसीला तो चालत नाही. बऱ्याच एनएफसी चिपमध्ये ५० पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो, १३.५६ मेगाहर्ट्झला जुळायला कॉइल साधारण २.७५ मायक्रोहेन्रीची लागते, तिचा रिअ‍ॅक्टन्स (त्या फ्रिक्वेन्सीला कॉइल करते तो विरोध) २३५ ओहम. भागिले १०० म्हणजे क्यू (कॉइल किती कमी तोट्यात काम करते त्याचं माप, जास्त तेवढं चांगलं) आला २.३ च्या आसपास. एवढ्यात फोन अगदी वर टेकवला तर कदाचित वाचेल, नाहीतर नाही. हीच कॉइल १८ मायक्रॉनच्या कॉपरमध्ये एच केली (नको तो पत्रा केमिकलने खाऊन काढला) तर रेझिस्टन्स जेमतेम १ ओहम. म्हणून बाजारातले टॅग बहुतेक एच केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे किंवा कॉपरचे असतात, ते लोक काही नॅनो इंक माहीत नसल्यामुळे तसं करत नाहीत.

तरी छापायचंच असेल तर रेघ १.५ मिलिमीटर करा आणि एकावर एक तीन पास द्या, मधल्या प्रत्येक पासला नीट सुकवून. चौकोन होतात ५३३, दर चौकोनाला ०.०३२ ओहम, एकूण १७ ओहम, क्यू जवळपास १४. हे वापरण्यासारखं आहे. रेघ रुंद केल्यावर इंडक्टन्स थोडा हलेल, तो पुन्हा जुळवून घ्या. तीन पासमध्ये शीट जराशी सरकते, त्यामुळे दोन वेढ्यांमधलं अंतर पुरेसं ठेवा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, इंकचा एकच पातळ थर छापायचा आणि त्याच्यावर इलेक्ट्रोप्लेटिंगने कॉपर चढवायचं, चांदी फक्त बीज म्हणून. पाच मायक्रॉन कॉपर चढलं तरी काम झालं. स्क्रीन प्रिंटिंगची सिल्व्हर पेस्ट हा अजून एक पर्याय, थर दहा मायक्रॉन मिळतो, पण तिच्यात पत्र्यासारखे फ्लेक आणि बाइंडर असतो, ते सांधत नाहीत नुसते टेकतात, त्यामुळे जाडीचा फायदा बराचसा रेझिस्टिव्हिटीत जातो. याउलट ८६५ मेगाहर्ट्झच्या यूएचएफ टॅगला (लांबून वाचायच्या टॅगला) वेढे नसतात, चौकोन कमी, तिथे छापलेली चांदी पुष्कळ चालते. म्हणजे तुम्ही नेमकं छपाईला सगळ्यात अवघड काम पहिलं निवडलंत.

मोजण्याबद्दल एक. मल्टिमीटरचे टोकदार प्रोब ०.५ मायक्रॉनच्या थरावर टेकवले की ओरखडा पडतो आणि आकडा नाचतो. दोन्ही टोकांना मोठे पॅड छापा, त्यावर सिल्व्हर पेस्टचा ठिपका द्या आणि तिथे मोजा, जमलं तर चार वायरने. सोल्डर अजिबात लावू नका, वितळलेलं टिन एवढी पातळ चांदी क्षणात खाऊन टाकतं. कंडक्टिव्ह इपॉक्सी वापरा.

मग जून. रेघा फुगण्यामागे दोन गोष्टी असतात. पाण्यातली इंक हवेत ८५-९० टक्के दमटपणा असताना सुकतच नाही, पसरत राहते, आणि सुकताना चहाच्या कपाच्या डागासारखी कडा जाड आणि मध्य पातळ होतो. १९९७ मध्ये शिकागोच्या डीगन आणि सहकाऱ्यांनी याचं कारण नीट उलगडलं, कडेला बाष्पीभवन जास्त म्हणून आतला द्रव कडेकडे धावतो आणि कण घेऊन जातो. छापतानाच फिल्म ४५-५० डिग्रीला गरम ठेवली तर रेघ जागच्या जागी थांबते, डेस्कटॉप प्रिंटरमध्ये ते कठीण आहे म्हणून निदान खोलीत एसी ड्राय मोडवर लावून दमटपणा ५०-५५ वर आणा आणि शीट बाहेर आली की लगेच गरम प्लेटवर. दुसरी गोष्ट पीईटीची बाजू. बऱ्याच रोलना एकच बाजू ट्रीट केलेली, म्हणजे इंक धरेल अशी केलेली असते. दोन्ही बाजूंवर पाण्याचा थेंब टाका, जिथे पसरतो ती ट्रीटेड. आणि रोल उघडून ठेवला असेल तर ती ट्रीटमेंट काही महिन्यांत उतरते. सुकलेल्या नमुन्यावर सेलोटेप चिकटवून ओढा, चांदी टेपवर आली तर पुढचं सगळं व्यर्थ.

इंक फ्रीजमध्ये ठेवत असाल तर पावसाळ्यात बाटली बाहेर काढून लगेच उघडू नका. दोन तास बंदच ठेवा. थंड बाटली उघडली की हवेतलं पाणी आत जाऊन बसतं आणि मग इंक बिघडली की आपण कणांना दोष देतो.

आता वर म्हटलं होतं ते मिठाचं. चांदी, ओल आणि डीसी व्होल्टेज हे तीन एकत्र आले की चांदी एका ट्रॅकवरून विरघळून दुसऱ्या ट्रॅककडे चालत जाते आणि मध्ये झाडाच्या फांदीसारखे तंतू वाढतात. हे माझ्या हातून घडलंय. कीपॅडचा एक लॉट मार्चमध्ये सगळ्या टेस्ट पास होऊन गेला आणि जुलैच्या शेवटी परत आला, अर्ध्या पीसमध्ये आपोआप बटणं दाबली जात होती. भिंगाखाली पाहिलं तर टेलच्या (कनेक्टरमध्ये जाणाऱ्या पट्टीच्या) दोन ट्रॅकमध्ये नेच्याच्या पानासारखी वाढ झालेली. ट्रॅकमधलं अंतर मी कमी केलं होतं, कस्टमरला लहान कनेक्टर हवा होता म्हणून, आणि वरचा डायलेक्ट्रिक (इन्सुलेटर) कोट कनेक्टरच्या जागी अर्थातच नव्हता. तेव्हापासून मी उघड्या टेलवर चांदीवर कार्बन छापल्याशिवाय काम बाहेर पाठवत नाही. मिठाचे अवशेष राहिले तर हे सगळं कितीतरी लवकर होतं. तुमच्या कॉइलमध्ये डीसी नाही म्हणून भीती कमी आहे, हीटरमध्ये आहे.

हीटरसाठी मात्र ही इंक खरंच चांगली आहे. काचेवर २०० डिग्रीला बेक करता येतं, म्हणजे निम्मी कटकट तिथेच संपली. पूर्ण थर न देता जाळी छापा. समजा २० मायक्रॉनची रेघ आणि ५०० मायक्रॉनचं अंतर, काचेचा जेमतेम ८ टक्के भाग झाकला जातो, आणि जाळीचा रेझिस्टन्स ०.१ गुणिले २५ म्हणजे २.५ ओहम पर स्क्वेअर. आयटीओच्या (इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक कंडक्टरच्या) काचेला साधारण १० च्या पुढे मिळतो. डेस्कटॉप प्रिंटरवर २० मायक्रॉनची रेघ निघणार नाही, ५०-६० ची धरा आणि अंतर दीड मिलिमीटर करा, हिशोब तोच राहतो, फक्त जाळी डोळ्याला दिसेल. एक गोष्ट सांभाळा, रेघांच्या मधल्या काचेवर प्रिंटरचे बारीक तुषार पडतात आणि काच हलकी पिवळी दिसते. सुट्या नॅनोकणांतले इलेक्ट्रॉन ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून उरतो तो पिवळा. जुन्या रंगीत फिल्मच्या रोलमध्ये पिवळ्या फिल्टरचा थर याच कोलॉइडल चांदीचा असायचा. तुमच्या काचेवर तो नको असेल तर हेड काचेच्या जवळ आणा आणि स्पीड कमी करा.

आणि तयार काच उघडी ठेवू नका. आपल्याकडे घरातली चांदीची भांडी कशी काळी पडतात ते माहितीये, ०.५ मायक्रॉन जाडीच्या रेघेला गंधक तेवढा वेळ देत नाही. नमुन्यांना रबर बँड लावू नका, रबरात गंधक असतं, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातही ठेवू नका. झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा आणि बेक झाल्यावर त्याच दिवशी वरून क्लिअर कोट द्या.

शेवटी जिवाची गोष्ट. अमोनियात चांदीचं मीठ विरघळवून घरी इंक बनवायची कृती तुमच्या बघण्यात येईलच, २०१२ मध्ये अमेरिकेत वॉकर आणि लुईस यांनी ९० डिग्रीला चालणारी तशी इंक केली होती आणि ती खरंच उत्तम आहे. पण अमोनियातली चांदीची द्रावणं साठवून ठेवली, सुकू दिली तर त्यात स्फोटक गाळ तयार होऊ शकतो, नुसत्या धक्क्याने उडणारा. घरात, ओटीजीशेजारी, हे करू नका. तुमच्या नॅनो इंकचं धुण्याचं पाणीही बेसिनमध्ये ओतू नका, कॅनमध्ये जमवा, त्यातली चांदी रिफायनरीवाले घेतात.

काचेची स्लाइड आणि थर्मोकपल, या दोन गोष्टी या आठवड्यात करा आणि दोन्ही तुकड्यांचे फोटो त्याच ट्यूबलाइटखाली काढून टाका, सोबत डेटाशीटमधलं चांदीचं टक्केवारीचं आणि आवरणाचं पान. मग पुढचं तापमान किती धरायचं ते आपण आकड्यावर बोलू.